ट्रंकेतलं कार्ड

गेल्या मंगळवारी कॉलेजात जिनिव्हा करार, म्हणजे लढाईत माणसांशी कसं वागायचं याचे १९४९ चे चार आंतरराष्ट्रीय करार, शिकवत होते. मागच्या बाकावरून कागलचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, गोळी लागली की माणूस मरतोयच की हो. मग लढाई दोन देशांतली म्हणा नाहीतर देशातल्या देशातली, काय फरक पडतोय?"

वर्गाला तो प्रश्न पटलेला दिसला. मला आमच्या थोरल्या आईची ट्रंक आठवली.

१९७१ च्या लढाईत माझे थोरले चुलते पश्चिम आघाडीवर होते. डिसेंबरात त्यांची पत्रं यायची थांबली. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात पोस्टमन रोज दारावरून पुढं जायचा. मग एके दिवशी एक छापील कार्ड आलं. नाव, नंबर, हुद्दा, छावणीचा पत्ता आणि तब्येत बरी असल्याची खूण. थोरल्या आईनं ते लुगड्याच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवलं. २०१९ च्या महापुरात ट्रंक भिजली, शाई फुटली, पण नंबर अजून वाचता येतो.

ते कार्ड कुणाच्या मेहेरबानीनं आलं नव्हतं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ७० सांगतं की, छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत युद्धकैद्याला घरी असं कार्ड धाडू द्यायचं. कलम ६० प्रमाणं साध्या जवानाला महिन्याला ८ स्विस फ्रँक आगाऊ पगार. नुसता लढला म्हणून त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि लढाई थांबली की त्याला घरी सोडावं लागतं. युद्ध जाहीर झालेलं असायलाच हवं, असंही नाही. कारगिल कुणी जाहीर केलं होतं? तरी मे १९९९ मध्ये पाकिस्ताननं पकडलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता आठवड्याभरात रेड क्रॉसच्या हाती सोपवले गेले.

पण हा सगळा करार दोन देशांमधल्या संघर्षासाठी. सरकार आणि सशस्त्र गट यांच्यातल्या लढाईला चारही करारांतलं एकच कलम लागू होतं, ते म्हणजे कलम ३. शस्त्र टाकलेल्याला मारू नका, छळू नका, ओलीस धरू नका, रीतसर कोर्टाशिवाय शिक्षा देऊ नका, जखमींना उचलून औषधपाणी करा. मोलाचं आहे, पण युद्धकैदी हा दर्जा त्यात नाही. पकडलेल्यावर देशाच्या कायद्यानं खटला चालतो. १९७७ च्या पूरक करारांनी यात भर घातली, पण भारत त्यांत सामील नाही.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच्याही खालच्या पायरीची. दंगल, दगडफेक, तुरळक गोळीबार म्हणजे सशस्त्र संघर्ष नव्हे. हिंसा किती तीव्र आणि किती दिवस चाललेली, समोरचा गट किती संघटित, हे बघावं लागतं. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं १९९५ मध्ये तादिच खटल्यात ही कसोटी मांडली. सीरियातली लढाई 'सशस्त्र संघर्षा'च्या पायरीवर चढली, असं रेड क्रॉसनं २०१२ च्या जुलैत म्हटलं. हा शब्द लागला की बंदुकीचा नियमच बदलतो. एरवी पोलिसांनी गोळी झाडायची ती जीव वाचवायला दुसरा इलाजच उरला नाही तर. सशस्त्र संघर्षात समोरच्या लढवय्याला ताकीद न देता मारणंसुद्धा कायदेशीर ठरू शकतं. म्हणून टीव्हीवर कुणी उठसूट "हे युद्धच आहे" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. नाव चुकीचं पडलं तर कुठं संरक्षण जातं, तर कुठं मारायची मुभा मिळते.

बुधवारी मी ते कार्ड वर्गात नेलं. त्या पोरानं ते दोन्ही हातांनी धरलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"आणि देशातल्या लढाईत धरलेल्याच्या घरी काय येतंय, मॅडम?"

मी म्हटलं, "कलम ३ काढ. त्यात कार्ड हा शब्द शोध."

बेल झाली, पोरं बाहेर पडली. तो अजून ओळींवरून बोट फिरवत बसला होता.