कळलं नाही भिया

इंदूरच्या आमच्या शाळेची दहावीची १९८९ ची बॅच. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ना पटांगण आलं ना प्रार्थनेची रांग, आली ती वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, जिथे चपला बाहेर काढून जायचं, खिडक्यांना जाड हिरवे पडदे होते आणि टेबलावर प्लास्टिकच्या कव्हरखाली बीबीसी मायक्रो झाकून ठेवलेला असायचा.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास नावाची योजना काढली, त्यातून इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे कॉम्प्युटर निवडक शाळांत आले. कीबोर्ड हाच कॉम्प्युटर, सगळं त्याच्याच पोटात, वरच्या कडेला लालसर केशरी बटणांची रांग. मेमरी ३२ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सकाळी जे गुलाबाचं फूल येतं ना, तेवढं एक फूलसुद्धा त्याच्यात मावलं नसतं. चालू केला की आधी जाड मग बारीक असा दोन सुरांचा आवाज यायचा आणि काळ्या पडद्यावर एक छोटीशी रेघ लुकलुकायला लागायची. आठवड्याला एक पिरियड, एका मशीनवर सहा जण, त्यामुळे एकाची बोटं आणि बाकी पाचांची तोंडं चालायची.

नववीत असताना, १९८७ च्या पावसाळ्यात, सरांनी एक कॅसेट आणली. सर शिकवायचे फिजिक्स, पण कॉम्प्युटरचं ट्रेनिंग घेऊन आल्यापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत ते त्या खोलीतच असायचे आणि आम्ही चार-पाच जणही. कॅसेटवर गेम होता, कोलोसल अ‍ॅडव्हेंचर, मुळातला अमेरिकेचा, लेव्हल नाईन नावाच्या ब्रिटिश कंपनीने अशा छोट्या मशीनमध्ये ठासून बसवलेला. गेममध्ये एकही चित्र नाही! नुसती इंग्रजी वाक्यं, तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर विटांची एक लहानशी इमारत आहे, ओढा वाहतोय. मग आपण टाईप करायचं, आत जा, दिवा घे. पुढे गुहा लागते, दिव्याची बॅटरी संपत जाते, एक चक्रव्यूह आहे ज्यातल्या सगळ्या जागांचं वर्णन अगदी सारखं, मग कुठली जागा कुठली ते ओळखायला जवळची एकेक वस्तू तिथे टाकत जायची. आम्ही ते आलेखाच्या कागदावर चौकोन काढकाढून शोधून काढलं, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर, आणि जादूचा शब्द सापडला त्या दिवशी तर आम्ही तो जिन्यात एकेक अक्षर ओरडत खाली आलो, एक्स वाय झेड झेड वाय.

मग आपणही असा गेम करू, पण मराठीत, आणि गुहा कशाला हवी आपला राजवाडा आहे की, असं ठरलं. कोणी म्हटलं ते आठवत नाही, मला वाटतं एकदम सगळ्यांनीच.

सरांनी आधी हिशोब करायला लावला. पडदा दाखवायच्या मशीनच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या, त्यांना मोड म्हणायचे. चित्रं काढायची म्हटली तर चांगल्या मोडमध्ये ३२ पैकी २० केबी नुसता पडदाच खातो. अक्षरांच्या मोड सेव्हनमध्ये पडद्याला फक्त १ केबी लागते, एका ओळीत ४० अक्षरं, ओळी २५. कॅसेटवर काम केलं तर आपल्या हातात सत्तावीस-साडेसत्तावीस केबी उरतात. तेवढ्यात अख्खं जुनं इंदूर बसवायचं होतं.

पहिली अडचण दिशांची. प्रत्येक जागेसाठी डेटाची एक ओळ, तिथून उत्तरेला कितव्या नंबरची जागा, दक्षिणेला कितवी, पूर्वेला, पश्चिमेला. आणि आपल्याकडे दिशा कोण सांगतं? राजवाड्याच्या मागे सराफा बाजार, होळकरांच्या छत्र्यांकडून खाली, असंच चालतं. म्हणून एका रविवारी सकाळी सरांनी लॅबमधली चुंबकसूची दिली आणि आम्ही सायकली काढून निघालो. राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, १९८४ च्या आगीला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. दरवाज्याशी उभं राहून सुई धरली तर ती भलतीकडेच वळायला लागली. दोन पावलं मागे, पुन्हा दुसरीकडे. आम्ही हैराण. सोमवारी सर म्हणाले, दरवाज्यावर लोखंडाचे केवढाले खिळे ठोकलेत ते पाहिलं नाही का, लांब उभे राहून धरा. दुसऱ्या रविवारी परत गेलो. आमच्या नकाशातल्या दिशा अशा दोन रविवार खर्चून आलेल्या आहेत.

पण खरी मजा आली शब्दांत. मशीनला मराठी अक्षरं नव्हती, सगळं इंग्रजी लिपीत, आधी क्रियापद मग वस्तू. मी लिहिलं होतं ‘उचल दिवा’. माझ्या बाकावरचा दोस्त खेळायला बसला, त्याने टाईप केलं ‘उठव दिवा’. मशीनला कळेना. तो म्हणाला आमच्या घरी उठवच म्हणतात. एकाने ‘उघड दार’ लिहिलं, दुसऱ्याने ‘खोल दार’. रामबागेतल्या घरांत एक बोलणं, गावाबाहेरच्या नव्या कॉलन्यांत दुसरं, ज्याची आई पुण्याची त्याचं तिसरं. मला वाटलं होतं सर म्हणतील शुद्ध काय ते ठेवा. ते म्हणाले, “खेळणारा जे बोलतो ते मशीनला आलं पाहिजे, त्याने मशीनसाठी कशाला बदलायचं?” मग आम्ही एक दोनशे पानी वही केली आणि मधल्या सुट्टीत वर्गावर्गात फिरून विचारायला लागलो, ही वस्तू हातात घ्यायची तर तुमच्या घरी काय म्हणाल? वहीत जो शब्द आला तो प्रोग्रामात गेला. आणि मशीनला जे कळणार नाही त्यासाठी एकच उत्तर ठेवलं, ‘कळलं नाही भिया’, भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलण्यातला भाऊ. आपण इंदूरची मराठी माणसं घरात, वर्गात, दुकानात ज्या मराठीत बोलतो ती कोणीतरी इतक्या गांभीर्याने लिहून घेतेय हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही फारसं नाही.

तीस चाली झाल्या की गेममध्ये रात्र व्हायची आणि सराफ्याचं वर्णन बदलायचं, सोन्याचांदीची दुकानं बंद, त्याच ओट्यांवर खायचे ठेले, मक्याच्या भुट्ट्याचा कीस आणि गराडू नावाचा तळलेला कंद. रखवालदाराला गराडू दिले की तो वरच्या मजल्याची किल्ली द्यायचा.

एकदा कोणाचं तरी कोपर ब्रेकच्या बटणावर पडलं. तीन दिवसांचं टायपिंग, पडदा साफ. कोणी काही बोलेना. सर उठून आले, शांतपणे ओल्ड असा एकच शब्द टाईप करून रिटर्न दाबलं, लिस्ट म्हटलं आणि सगळ्या ओळी खालून वर सरकत परत आल्या. त्यांच्या बोटांकडे आम्ही ज्या नजरेने पाहिलं ती नजर अजून माझ्याजवळ आहे. पण लाईट गेली की ओल्डचाही उपयोग नव्हता, आणि लाईट तर जायचीच, म्हणून दर पंधरा मिनिटांनी टेपवर सेव्ह. आमच्या टेपरेकॉर्डरचा आवाज किती ठेवायचा त्यासाठी बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका होता. त्याच्या जरा पुढे-मागे झालं की लोड करताना एरर, टेप मागे घ्या. पूर्ण गेम लोड व्हायला चार मिनिटं लागायची, पडद्यावर ब्लॉकचे नंबर एकेक वाढत जायचे आणि आम्ही श्वास धरून बसायचो. टेपवर शून्यासाठी १२०० हर्ट्झची एक लहर, एकासाठी २४०० च्या दोन, बस, त्या किर्र आवाजातच राजवाडा असायचा.

म्हणून १९९६ मध्ये नोकरीसाठी मुंबईत आल्यावर फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या मोडेमचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा सगळे कान झाकत होते आणि मला मात्र त्या हिरव्या पडद्यांचा वास आला. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं इंटरनेट येऊन वर्षच झालं होतं, माझं अकाऊंट नुसत्या अक्षरांचं, घरमालकीणबाईंनी खाली रिसीव्हर उचलला की कनेक्शन गेलं. त्या अकाऊंटवरच एका रात्री मी आमच्या गुहेच्या गेमची जन्मकथा वाचली. विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरने सत्तरच्या दशकात तो लिहिला, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून, १९७७ मध्ये डॉन वूड्सने वाढवला. आणि त्यातली गुहा मनाची नव्हतीच! अमेरिकेतल्या केंटकीतली खरीखुरी गुहा, क्राउदर तिथे आत उतरून मोजमापं घेऊन नकाशे करायचा. म्हणजे तोही आमच्यासारखाच खऱ्या जागेवर जाऊन आला होता. मला त्या रात्री सरांना फोन करायचा होता, रात्री अकरानंतर एसटीडी चौथाई दरात असायची, पण त्या वेळी सरांना कसं उठवायचं म्हणून केला नाही, पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं पोस्टकार्डावर, फक्त एवढंच की सुईची गोष्ट त्यालाही सांगायला हवी.

गेल्या वर्षी आईचं घर आवरताना ती कॅसेट सापडली. एका बाजूला बाबांची नाट्यगीतं, दुसऱ्या बाजूला आमचा गेम. बीबीसी मायक्रोची नक्कल करणारा प्रोग्राम आता फुकट मिळतो, कॅसेटचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून त्याला ऐकवला. दोनशे छप्पन बाइटचा एकेक ब्लॉक येत गेला, राजवाडा आला, छत्र्या आल्या, सराफ्याची रात्र आली, आणि शेवटी शेवटी टेप चुरगळलेली निघाली. गेलेल्या ओळींतच शब्दांची यादी होती. जागा सगळ्या आहेत, पण मशीनला आता एकही शब्द कळत नाही, काहीही टाईप करा, कळलं नाही भिया.

यादी मी आठवून परत भरतोय. दार झालं, जिना झाला, किल्ली झाली. ‘उचल’ साठी वहीत चार शब्द होते हे मला पक्कं माहीत आहे. उचल, घे, उठव, आणि चौथा मुलींच्या बाकांवरून आला होता, दुसऱ्या की तिसऱ्या रांगेतून, आणि तो ऐकून सर हसून म्हणाले होते, हा आधी लिहा. तो आठवत नाहीये. तिच्या घरी अजून तोच शब्द चालत असेल. अमृतमहोत्सवाला मी लॅपटॉप घेऊन येतोय, वरच्या मजल्यावर त्याच खोलीत बसेन, तिने येऊन तो टाईप करावा.