पुरातून आलेली सेव्ह फाइल

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ते उतरल्यावर विश्रामबागेतल्या आमच्या दुकानात चिखलाने माखलेले सीपीयू रांगेने यायला लागले. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ, सगळी बाजारपेठच पाण्यात होती. माझं काम डेटा रिकव्हरीचं. त्या दिवसांत रात्री अकराच्या आधी शटर खाली ओढल्याचं आठवत नाही.

अशाच एका दुपारी एक कापड दुकानदार काका आणि त्यांचा बारावीतला मुलगा आले. सीपीयू माळ्यावर चढवून ठेवला होता, तरी पाणी तिथेही वीतभर आलं. काकांचं म्हणणं सरळ होतं, "साहेब, वह्या गेल्या, ताग्यांचा लगदा झालाय. टॅलीतला हिशेब तेवढा काढून द्या. बाकीचं राहू दे."

मुलगा मागून हळूच म्हणाला, "दादा, माझं पण हाय त्यात. स्कायरिमचे सेव्ह."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, पण त्यांचा जबडा आवळला गेला. मी मात्र ते नाव ऐकून मान वर केली. मी स्वतः २०१२ साली तो गेम रात्ररात्र खेळलोय. खेळ जिथवर आला ते ज्या फाइलमध्ये साठतं, तो सेव्ह.

हार्ड डिस्क बाहेर काढली. सर्किट बोर्ड डिस्कच्या पोटाला असतो, त्यामुळे पाणी तिथवर लागलं होतं. वरच्या झाकणावर, जिथे हवेचं बारीक भोक असतं, चिखलाची रेघ नव्हती. म्हणजे आत पाणी शिरलेलं नसणार. पण घरी उन्हात वाळवून त्यांनी मशीन एकदा चालू करून बघितलं होतं, आणि ते सगळ्यात वाईट. (पाण्यात भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नका हो, कितीही जीव वर-खाली झाला तरी!) बोर्ड उलटा केला तर हेडच्या संपर्कबिंदूंवर हिरवट गंज, आणि बोर्डाचं रक्षण करणारा टीव्हीएस डायोड शॉर्ट. ब्रशने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून गंज उतरवला, डायोड काढला, बोर्ड परत बसवला. डिस्क फिरली. आवाज सुरुवातीला स्वच्छ होता, मग अधूनमधून टक टक.

अशा डिस्कला फार वेळ नसतो. आधी काय वाचायचं ते ठरवावं लागतं. टॅलीचं फोल्डर पहिलं घेतलं, त्यात प्रश्नच नव्हता. जुलैपर्यंतच्या नोंदी आल्या आणि काकांनी खुर्चीची पाठ धरली. मग मी विचारलं, "सेव्ह घेऊ का? वेळ लागेल, तुकड्यातुकड्यांनी वाचतीय."

"किती मोठं आहे ते?"

"एकेक फाइल अठरा एमबीची."

"खेळाला एवढं कशाला लागतं?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण या गेमचं सगळं बलस्थान आणि सगळं दुखणं त्यातच आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या स्कायरिममध्ये तुम्ही एका टेबलावरून चमचा उचलून दुसऱ्या गावात विकत घेतलेल्या तुमच्या घरात नेऊन ठेवलात, तर महिन्याने परत या, चमचा तिथेच असतो. जगात केलेले असे हजारो फेरफार त्या सेव्ह फाइलमध्ये साठत जातात. म्हणून ते जग खरं वाटतं, आपलं वाटतं. दूरवर डोंगर दिसला की चालत सुटायचं, वाटेत गुहा लागली की शिरायचं, मूळ कामाचा विसर पडला तरी हरकत नाही. आणि म्हणूनच फाइल फुगत जाते. प्लेस्टेशन ३ वर तर ती फुगली की गेम रखडायचा, लोक वैतागले होते.

पण चमचा लक्षात ठेवणारं ते जग माणसाला विसरतं. जादूची चार मंतरं येत नसताना तुम्ही विंटरहोल्डच्या जादू-विद्यापीठाचे प्रमुख होता. यादवी युद्ध जिंकून द्या, तरी बाजारात भाजी विकणारी बाई तेच वाक्य बोलते. तलवारबाजी म्हणजे लाकडावर लाकूड आपटल्यासारखी, अंगाला लागल्याची जाणीवच नाही. द विचर ३ या दुसऱ्या गेममध्ये तुमच्या एका निर्णयाचे भोग पंधरा तासांनी पुढ्यात येतात, ते इथे क्वचित. मला आजही याचं वाईट वाटतं, कारण एवढं विस्तीर्ण जग उभारून माणसांपाशी हात आखडता घेतलाय.

रात्री साडेनऊला शेवटचा सेव्ह निघाला. फाइल धड आहे का ते बघायला माझ्या मशीनवर गेम उघडला. काका अजून बसले होते, टॅलीची पेनड्राइव्ह मुठीत धरून.

सेव्ह ब्रीझहोममधला होता. व्हाइटरन शहरातलं छोटं लाकडी घर, पाच हजार सोन्याच्या मोहरा मोजून घ्यावं लागतं. पडदा उजळला आणि फळ्यांवरचं सामान क्षणात उडालं. थाळ्या भिंतीवर आपटल्या, पेले जमिनीवर गडगडले, चीजची चाकं कोपऱ्यात. मुलगा एकदम उभा राहिला. "दादा, हे असं नव्हतं."

काका पडद्याकडे बघत म्हणाले, "शटर उघडल्यावर आपलंबी असंच दिसलं."

दोष फाइलचा नव्हता. या गेमचं भौतिकशास्त्र फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं उमटतात त्याला, बांधलेलं आहे. साठच्या वर फ्रेम गेल्या की वस्तूंना धक्के बसतात. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, त्याच्या घरचा ६० चा. इतक्या गाजलेल्या गेममध्ये ही चूक राहावी, याचा मला त्या रात्री खरोखर राग आला. फ्रेम साठवर रोखल्या, काहीही सेव्ह न करता बाहेर पडलो, तोच सेव्ह पुन्हा उघडला.

सगळं जागच्या जागी. वरच्या फळीवर चांदीच्या थाळ्या एका रेषेत, काठाला काठ न लावता. मधल्या फळीवर पेले. खाली पाव आणि चीज. हे जुळवायचं म्हणजे काय, ते खेळलेल्यालाच कळतं. ई बटण दाबून धरून एकेक वस्तू हवेत उचलायची, अंदाजाने सोडायची, कलंडली की पुन्हा. एका फळीला तास जातो.

काका उठून पडद्याजवळ आले. चष्मा वर सरकवून त्यांनी फळ्या खालपासून वरपर्यंत बघितल्या.

"भारी माल नजरेसमोर, रोजचा खाली," ते म्हणाले. "ही लावणी कुणी सांगितली तुला?"

"कुणी नाही. दुकानात बघतो की रोज."

काका थोडा वेळ तसेच उभे होते. मग बिलाचं विचारलं. मुलाने नव्या मशीनवर फ्रेम साठवर कशा रोखायच्या ते लिहून मागितलं. मी ते बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं आणि काकांनी तो कागद पेनड्राइव्हबरोबर वरच्या खिशात ठेवला.