बॅगेतलं मोडकं सामान

लोक परदेशातून माहेरी येताना चॉकलेटं आणतात. मी मोडक्या वस्तू आणते. 2025च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात अमळनेरला आले, तेव्हा तेवीस किलोच्या बॅगेत चेन बिघडलेलं जॅकेट होतं, टाच उखडलेले बूट होते, दांडी ढिली झालेला चष्मा होता आणि बंद उसवलेली सॅक. चॉकलेटं होती, पण कोपऱ्यात, बुटांच्या आत कोंबलेली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन आणि मी ओट्यावर पिसांचं जॅकेट झटकतेय. आई बघतच राहिली. आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाई काय लई उनी व?" हे काय घेऊन आलीस गं?

काय सांगणार! जर्मनीत, स्टुटगार्टला, या जॅकेटची चेन बदलायचे पस्तीस युरो सांगितले होते, आणि दोन आठवडे थांबा म्हणाले होते. जॅकेटच सेलमध्ये साठला घेतलेलं. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसाच्या डोक्यात एक गुणाकार कायम चालू असतो. 2016 साली गेले तेव्हा पंच्याहत्तरचा पाढा होता, तो काही केल्या पाठ होईना. आता युरो शंभराच्या घरात गेलाय. रुपयाचं वाईट झालं, माझं गणित मात्र सोपं झालं. नुसती दोन शून्यं जोडायची आणि छातीवर हात ठेवायचा.

सगळ्यात जास्त हात केस कापताना ठेवला. बावन्न युरो. पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, की स्वतःचे केस स्वतः वाळवले तर आठ युरो कमी. मग काय, मी आणि आणखी दोघी, ओल्या डोक्यानं आरशासमोर ओळीनं उभ्या, आपापला ड्रायर धरून! पुढे कळत गेलं, की बावन्नातले आठेक युरो तर एकोणीस टक्के कराचे. कात्री धरणारी मुलगी तीन वर्षं शिकाऊ म्हणून राबलेली असते आणि स्वतःचं सलून काढायचं तर साधारणपणे वरची 'माइस्टर' परीक्षाही द्यावी लागते. पटतं. पटलं तरी डोकं ओलंच असतं.

एकदा रविवारी कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार ओढलं गेलं. तिकडची दारं बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. पायात घरातल्या चपला, हातात रिकामी बादली. कुलूपवाला आला, प्लास्टिकची पट्टी फटीत सारली आणि मी नीट बघायच्या आत दार उघडलं. एकशे नव्वद युरो. त्यात येण्याचे वेगळे, रविवारचे वेगळे. लहानपणी आमची किल्ली हरवली होती, तेव्हा किल्लीवाला सायकलवरून आला, तासभर कानस घासत बसला, दोनदा चहा झाला, मामाच्या मुलीसाठी त्यानं एक स्थळही सुचवलं. पैसे किती घेतले ते कुणालाच आठवत नाही.

त्या रविवारनंतर एक किल्ली मी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे ठेवली. त्या काही घेईनात, म्हणून आईनं दिलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, नेऊन दिले. भाजायचे असतात हे सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, चव छान आहे पण दातांना जरा जड जातं. आता त्यांना कोण सांगणार, की हे बिबडे करायला आमच्या गल्लीतल्या पाच बायका पहाटे आल्या होत्या. कुणी घाटा हटला, कुणी ओल्या फडक्यावर थापले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या उठून शेजारच्या घरी गेल्या. त्याचा दर कुठल्या पाटीवर लावायचा? मी तरी शंभरनं गुणायला गेले नाही.

तर जॅकेट. दगडी दरवाजाकडच्या बाजारात नानांचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि हुकाला लटकलेल्या अर्ध्या पँटी. माझा शाळेचा गणवेश त्यांनीच शिवलेला, दरवर्षी दोन इंच दाब ठेवून. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, चेन उन्हाकडे धरली, दोनदा वरखाली केली.

"चेन चांगली शे. रनर गया."

रनर! पस्तीस युरोवाल्यानं पूर्ण चेन उसवायची म्हटलं होतं. नानांनी पक्कडीनं वरची पट्टी उचकटली, जुना रनर ओढून काढला, डब्यातून जवळपास त्याच मापाचा दुसरा शोधला. डब्यात शेकडो रनर, कुठकुठल्या पँटींचे. तो वरून दातांवर चढवून खाली सरकवला, पट्टी पुन्हा दाबली आणि दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवला. चेन सर्रकन गेली.

"तठे टेलर नही शेतस का?"

शेतस, म्हटलं, पण परवडत नाहीत. पस्तीस युरो म्हणजे साडेतीन हजार. नाना हसले. "आन् इमाननं तिकीट कितलाले पडनं?"

मी विषय बदलला. मुलगा काय करतो विचारलं. सुरतला आहे, साडीच्या कारखान्यात. मशीनवर बसायला तयार नाही, आणि मीही म्हणत नाही, असं नाना म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, तिकडे शिलाईकाम करणाऱ्याला तासाचे काय मिळतात. माणूस मिळवतो किती ते माहीत नाही, पण कायद्यानं बहुतेक सगळ्यांना ताशी किमान बारा युरो ब्याऐंशी सेंट द्यावेच लागतात, म्हटलं. गुणाकार मी केला नाही. त्यांनीच मापाची वही ओढली, कुणाच्या तरी कमरेच्या मापाखाली पेन्सिलीनं आकडा लिहिला, दोन शून्यं जोडली आणि बराच वेळ बघत राहिले.

मग वही मिटली, जॅकेटची घडी केली.

"वीस रुप्या दे," म्हणाले. "सुट्टा शेतस ना?"