क्रेलो बघायला ऑल्बनीचा पूल ओलांडू नका

न्यूयॉर्क राज्यातल्या डच वसाहतीच्या खुणा बघायला निघणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्या: ऑल्बनीचं रेल्वे स्टेशन ऑल्बनीत नाही. ते हडसनच्या पूर्व काठावर, रेन्सलर गावात आहे. क्रेलो हे जुनं डच घरही त्याच काठावर, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांवर आहे. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याने "डच म्युझियम ना, ते पलीकडे" असं ठासून सांगत नदीपार नेऊन सोडलं आणि वर 30 डॉलर घेतले.

परतताना त्याच्यासारख्या आणखी कुणाला पैसे द्यायची इच्छा नव्हती, म्हणून डन मेमोरियल पुलावरून चालत आलो. तुम्ही येऊ नका. एका अंगाला धडाडत जाणारे ट्रक, दुसऱ्या अंगाला कठडा, खाली नदी. सावलीचं नाव नाही आणि वारा असा की टोपी हातात धरूनच चालावं लागतं. 1624 सालचा डचांचा फोर्ट ऑरेंज किल्ला इथेच, पुलाच्या आसपास होता. आज त्याच्यावर महामार्ग आहे. बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

क्रेलो मात्र चुकवू नका. हे विटांचं घर साधारण 1707 चं, किलियान व्हान रेन्सलरच्या नातवाने बांधलेलं. किलियान ॲम्स्टरडॅमचा हिऱ्यांचा व्यापारी. डच वेस्ट इंडिया कंपनीच्या 1629 च्या सनदेप्रमाणे चार वर्षांत 50 माणसं वसवणाऱ्याला जहागीर मिळायची. त्याने ती मिळवली, पण स्वतः इकडे कधी फिरकला नाही. शेतगडी, सुतार, लोहार कराराने बांधून पाठवले. जमीन त्याची, राबणारे दुसरेच. कुळांचा तो राग 1839 नंतर खंड नाकारण्याच्या चळवळीत उफाळला, म्हणजे डच सत्ता जाऊन पावणेदोनशे वर्षं झाल्यावर.

त्याच गड्यांपैकी एक पीटर क्लासेन. 1637 मध्ये पोरवयात आला, सहा वर्षांच्या करारावर. त्याच साली डचांच्या दुसऱ्या कंपनीने, ईस्ट इंडियाने, आपल्या वेंगुर्ल्यात बस्तान बसवलं होतं. करार संपल्यावर पीटर पुढे लाँग आयलंडला गेला, शेती केली, श्रीमंत झाला. इंग्रजी अमलात त्याने वायकॉफ आडनाव घेतलं. साधारण 1652 चं त्याचं घर ब्रुकलिनमध्ये अजून उभं आहे आणि सगळ्या सफरीत मला तेच सर्वात मोलाचं वाटलं. आजूबाजूला टायरची दुकानं, गॅरेजेस आणि मध्येच उतरत्या छपराचं, लाकडी फळ्यांनी मढवलेलं हे बुटकं घर. मूळ घर म्हणजे एकच खोली, मातीची जमीन, दोन्ही टोकांना दार. करारातून सुटलेल्या माणसाचं छप्पर एवढंच होतं. पुढे याच कुटुंबाने गुलाम राबवले, हेही तिथे असताना विसरू नका.

मॅनहॅटनमधल्या "डच न्यूयॉर्क" पायी सफरीवर एक पैसा घालवू नका. आमच्याकडून माणशी 60 डॉलर घेतले आणि अर्धा वेळ वॉल स्ट्रीटच्या बैलापाशी फोटोत गेला. मॅनहॅटनमध्ये डच काळातली एकही इमारत जमिनीवर शिल्लक नाही. 85 ब्रॉड स्ट्रीटला जमिनीतल्या काचेखालचे जुने पाये फुकट बघता येतात, तेही काचेवर वाफ नसेल तर.

त्यापेक्षा आफ्रिकन बरियल ग्राउंडला, म्हणजे आफ्रिकन लोकांच्या जुन्या दफनभूमीच्या स्मारकाला जा. प्रवेश मोफत. वेस्ट इंडिया कंपनीने 1626 च्या सुमारास आणलेल्या गुलामांपैकी अकरा जणांना 1644 मध्ये "अर्धं स्वातंत्र्य" मिळालं: दरवर्षी धान्य आणि एक पोसलेलं डुक्कर द्यायचं, आणि मुलं मात्र कंपनीचीच. पीटरचा करार सहा वर्षांनी संपला, यांच्या मुलांना ती सोय नव्हती. म्हणून आधी हे बघा, मग वायकॉफच्या घरासाठी पार्क प्लेसहून सबवेची 2 नंबरची गाडी धरून न्यूकर्कला उतरा, तिथून बी 8 बस. वायकॉफचं घर आतून बघायचं तर वेळ आधी ठरवून जा. आणि ऑल्बनीच्या गाडीत जाताना डाव्या बाजूची खिडकी पकडा, नदी त्याच अंगाला आहे.