उजनीची उपग्रहचित्रं: तारीख नको, पाणी सांगा

या महिन्यात उजनी धरणाच्या उपग्रहचित्रांचा माझा संग्रह बराच पुढे गेला, तो मामांच्या प्रश्नामुळे. त्यांचं जुनं गाव धरणात बुडालेलं. "आमचं जुनं गावठाण उघडं पडलेलं दिसतं का रे तुझ्या चित्रांत?" कोणत्या सालचं बघू, असं विचारलं तर म्हणाले, "साल कशाला? धरण मायनसमध्ये गेलं की बघ." मायनस म्हणजे पाणी वापरता येणाऱ्या साठ्याच्याही खाली जाणं.

माझी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची सगळी चित्रं तारखेनं लावलेली होती आणि धरणकाठचा माणूस बोलतो पाण्याच्या भाषेत. म्हणून चित्रातला हिरव्या प्रकाशाचा पट्टा बी३ आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा बी८ यांवरून एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक, काढला, प्रत्येक चित्रातलं पाण्याचं क्षेत्र मोजलं आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या तक्त्यात त्याचा नवा रकाना केला. चढत्या क्रमानं लावलं की मामांची चित्रं वर येतात. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं मंदिर ओळखू येत नाही, पण भोवतालची उघडी जमीन स्वच्छ दिसते.

मोठा घोळ जलपर्णीनं केला. अवरक्तात ती पिकासारखीच चमकते, त्यामुळे पाण्यावर तरंगत असूनही जमीन म्हणून मोजली गेली. हिरवं तेवढं सरसकट पाणी धरावं, तर उन्हाळ्यात गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेली पिकंही हिरवीच. शेवटी लागोपाठची दोन चित्रं, म्हणजे पाच दिवसांच्या अंतराची, एकावर एक ठेवली. जलपर्णी वाऱ्यानं सरकते, पीक जागचं हलत नाही. हे जमलं तेव्हा फार आनंद झाला.

चित्रात ढग किती, हा आकडाही आता मला हव्या तेवढ्या भागापुरताच काढतो. चित्रासोबत येणारी ढगांची टक्केवारी सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद अख्ख्या तुकड्याची असते; तिच्यावर विसंबून धरणकाठच्या भिगवणची कितीतरी निरभ्र चित्रं मी गाळली होती.

पक्षी बघणाऱ्या मैत्रिणीला मात्र तळाला गेलेलं पाणी नको असतं. तिला हवा हिवाळा आणि कुंभारगावचा उथळ काठ, जिथे रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. म्हणून 'कोण विचारतंय' हाही रकाना केलाय. त्यावरून पाण्याची पातळी आणि महिने आपोआप निवडले जातात.

आता १९७० च्या दशकातली, धरण भरण्याआधीची, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं जोडायला घेतोय. ती इतकी ढोबळ आहेत की गावठाण दिसायचं नाही. भीमेचं वळण दिसेल, आणि गाव कुठे होतं ते मामा त्यावर बोट ठेवून दाखवतील.