जळगाव ते अबिस्को: उणे पंचवीसमध्ये तंबूत राहायचं असेल तर

स्वीडनच्या अबिस्कोहून बर्फातला ट्रेक करून परत आल्यापासून जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो की थंडी किती होती, आणि उणे पंचवीस म्हटलं की पुढचं काही ऐकतच नाही. पण खरं सांगू का, तिकडे थंडीपेक्षा घामानेच जास्त छळलं. मे महिन्यात भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर शर्ट भिजला तरी कोणी मनावर घेत नाही, पंख्याखाली उभं राहिलं की वाळतो. तिकडे घाम कपड्यातच गोठतो. म्हणून खाली कपडे, बूट, स्लीपिंग बॅग असं जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून ओलाव्यापाशीच येतं, आधीच सांगून ठेवतो.

रूट पटकन सांगतो. मुंबईहून स्टॉकहोम, तिथून रात्रीची ट्रेन जी किरुनावरून नार्विकला जाते, तिने अबिस्कोला उतरलो. अबिस्को आर्क्टिक सर्कलच्या बरंच उत्तरेला, ६८ अंशाच्या वर. तिथून कुंग्सलेडेन नावाची पायवाट सुरू होते, आम्ही आबिस्कोयाउरे, आलेसयाउरे, त्शेक्त्या खिंड, सेल्का, सिंगी, केब्नेकाइसे करत निक्कालुओक्ताला बाहेर पडलो, साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर. हिवाळ्यात वाटेवर खांबांना लाल फुल्या लावलेल्या असतात, ढगात काही दिसत नसलं की त्या फुल्याच देव. महिना मार्च निवडला कारण डिसेंबरात तिथे सूर्यच उगवत नाही, आणि मार्चमध्ये दिवस आपल्याएवढाच मोठा असतो पण रात्री थंडी पूर्ण मिळते. निघायच्या आधी आमचे एक काका म्हणाले, "तठे काय ठेयेल शे रे भो, तोरणमाळ काय वाईट शे?" तोरणमाळ वाईट नाहीच, उलट सराव तिथेच केला.

आता कपडे. आपल्याकडे थंडी म्हणजे धुळ्याला पारा सहा-सातवर आला की शेकोटी, मफलर, आणि अंगावर जे असेल ते सगळं. ही सवय तिकडे घातक. चालताना कमीत कमी कपडे घालायचे, इतके कमी की निघताना दहा मिनिटं कुडकुडायला झालं पाहिजे. अंगाला चिकटून मेरिनो लोकरीचा पातळ बेस लेयर, वर पातळ फ्लीस, आणि वारा असेल तर बाहेरून विंडप्रूफ शेल, म्हणजे वारा अडवणारं पातळ जॅकेट, बस्स. जाड डाउन जॅकेट, म्हणजे आत पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं, पुल्कवर, म्हणजे आपण ओढतो त्या घसरगाडीवर, सगळ्यात वर बांधून ठेवायचं आणि थांबलो रे थांबलो की सगळ्यावरून चढवायचं, म्हणून ते दोन साइज मोठं घ्या. आमच्यातला धुळ्याचा गडी त्शेक्त्या खिंडीचा चढ डाउन जॅकेट घालूनच चढला, ही खिंड साधारण ११५० मीटरवर आहे, चढ फार नाही पण मागे पुल्क असते. वर पोचून त्याने चेन उघडली तर आतल्या अस्तरावर पांढरा बर्फ जमलेला, आणि पाठीकडचं सगळं पीस ओलं होऊन गोळे झालेलं. डाउन एकदा भिजलं की त्याची ऊब गेली, आणि तंबूत ते वाळत नाही.

कॉटन काहीच नाही, हे शंभरदा ऐकलं असेल पण तरी लोक बनियन आणि अंडरवेअर कॉटनची घालतात कारण ते कपड्यांत धरतच नाहीत. तेही बदला. जीन्स, आईने दिलेली गोधडी, गळ्यातला बागायती रुमाल, सगळं घरी. गळ्याला मेरिनोची बफ, म्हणजे डोक्यातून घालायची नळीसारखी पट्टी. फ्लीस मात्र भारीतला घ्यायची गरज नाही, हिवाळ्यात स्वेटरवाले तिबेटी येतात त्यांच्याकडचा साधा पॉलिस्टरचा चालला, पूर्ण ट्रिप चालला.

हाताचं जरा नीट वाचा. पाच बोटांचे ग्लोव्हज कितीही महाग घेतले तरी उणे वीसच्या खाली बोटं एकेकटी पडून गार होतात, मिटन लागतातच, सगळी बोटं एकाच पिशवीत. आतून पातळ लोकरीचा ग्लोव्ह, त्यावर जाड लोकरीचा मिटन, त्यावर वाऱ्यासाठी ओव्हरमिट. हे ओव्हरमिट मी जळगावच्या फुले मार्केटजवळच्या एका बॅगा शिवणाऱ्या टेलरकडून शिवून घेतले, रिपस्टॉप नायलॉनचे, कोपरापर्यंत लांब, आणि दोन्हींना एकच दोरी जी गळ्यात अडकवायची. लहान पोरांचे हातमोजे हरवू नयेत म्हणून बांधतात तसं दिसतं, हसतात लोक, पण वाऱ्यात मिटन उडून गेला तर हात गेला. त्याच टेलरकडून जॅकेटच्या, तंबूच्या, बॅगच्या प्रत्येक चेनला बोटभर दोरीचा फासा लावून घ्या म्हणजे मिटन न काढता चेन ओढता येते. खर्च चहापाण्याचा, फायदा रोज शंभर वेळा.

बूट असे पाहिजेत की आतला फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) लायनर बाहेर काढता येतो, आणि नेहमीपेक्षा एक-दोन नंबर मोठे. घट्ट बुटात जाड मोजे कोंबले तर रक्तच फिरत नाही, मग मोजे कितीही जाड असोत. पायाचा घाम लायनरमध्ये जाऊ नये म्हणून पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड लोकरी मोजा, असं करतात. ऐकायला घाण वाटतं, पाय ओलसर राहतो खरा, पण बूट कोरडा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दगड झालेला नसतो. परतीला योकमोकला आय्त्ते म्युझियम बघितलं, तिथे सामी म्हणजे तिकडच्या मूळच्या लोकांचे रेनडियरच्या कातड्याचे जोडे आहेत, ते लोक मोज्याऐवजी त्यात वाळलेलं गवत भरायचे आणि रात्री गवत काढून वाळवायचे. आपला फेल्ट लायनर तेच काम करतो. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेल्या अमुंडसेननेही १९०३ ते १९०५ मध्ये उत्तर कॅनडातल्या नेटसिलिक इन्युइट लोकांबरोबर राहून फरचे ढगळे कपडे वापरायला शिकून घेतलं होतं, ढगळे म्हणजे आत हवा खेळते आणि घाम बाहेर निघतो. शंभर वर्षांनी आपण फिटिंगचं जॅकेट शोधत दुकानं फिरतोय.

झोपायचं सामान, इथे पैसे वाचवू नका. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार मोठ्या अक्षरात एक्स्ट्रीम दाखवतो, त्या आकड्याचा अर्थ माणूस कसाबसा जिवंत राहील एवढाच. तुम्ही फक्त कम्फर्ट बघा. आमच्यापैकी दोघांकडे एकेक महागडी बॅग होती आणि बाकी दोघांकडे दोन-दोन बॅगा एकात एक, आत डाउन, बाहेर सिंथेटिक. मला दोनवाली पद्धत पटली, कारण रात्रभर अंगातून निघणारी वाफ बाहेरच्या थरात जाऊन गोठते आणि बाहेरचा थर सिंथेटिक असेल तर फार बिघडत नाही. नुसती डाउन असेल तर रोज रात्री थोडी थोडी वाफ तिच्यात साठत जाते आणि बॅग रोज जड आणि पातळ होत जाते. बॅगमध्ये तोंड घालून श्वास सोडायचा नाही हे त्याचमुळे, नाक बाहेर, टोपी कानावर.

खालची मॅट तर बॅगेपेक्षा महत्त्वाची. मॅटला आर-व्हॅल्यू असते, जेवढी जास्त तेवढी जमिनीची थंडी कमी लागते, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. खाली फोमची, वर हवेची, मिळून सात-आठच्या आसपास आणा. हवेची एकटी नेऊ नका, पंक्चर झाली तर रात्र कशी काढणार? आणि ती तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत गोठते, पंपसॅक, म्हणजे हवा भरायची पिशवी, वापरा.

तंबू टनेल प्रकारचा, दोन थरांचा. साधे खुंटे बर्फात काही कामाचे नाहीत, रुंद स्नो-पेग आडवे पुरून वर बर्फ तुडवायचा, थोड्या वेळात तो सिमेंट होतो, सकाळी फावडं लागतं काढायला. पोर्चमध्ये गुडघाभर खड्डा खणला की गार हवा त्यात उतरते आणि बसायला पण बरं. सकाळी उठाल तेव्हा आतल्या कापडावर फ्रीजरसारखा बर्फाचा थर असेल, तो तुमचाच श्वास. पटकन उठून बसलात की सगळा मानेत पडतो. आधी झोपल्या झोपल्या हात बाहेर काढून छोट्या ब्रशने तो झाडून प्लास्टिकवर गोळा करायचा आणि बाहेर टाकायचा, मगच स्टोव्ह. अबिस्को नॅशनल पार्कच्या हद्दीत ठरलेल्या जागीच तंबू लावता येतो, पुढे मोकळीक आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रोज तंबूत राहायचा हट्ट करू नका. वाटेवर साधारण दहा ते वीस किलोमीटरवर स्वीडिश टुरिस्ट असोसिएशनच्या झोपड्या आहेत, लाकडाची शेगडी असते, ओलं सामान वाळवायची सोय असते, आलेसयाउरेला तर सौना (गरम वाफेची खोली) पण. एक-दोन रात्री तंबू, एक रात्र झोपडी, असं केलं की बॅगा परत फुगतात.

स्टोव्ह गॅसच्या डबीचा नेऊ नका. ब्यूटेन शून्याच्या जवळच वायू व्हायचं थांबतं, आयसोब्यूटेन उणे बाराला, प्रोपेन एकटं उणे ४२ पर्यंत टिकतं पण डबीत ते थोडंच असतं आणि आधी तेच संपतं. पंप मारायचा पेट्रोलवाला स्टोव्ह घ्या, इंधन विमानात नेता येत नाही म्हणून स्वीडनमध्ये उतरल्यावर घ्यायचं, आणि स्टोव्ह वापरलेला असेल तर वास जाईपर्यंत धुवून, एअरलाइनला आधी विचारून न्या. पाणी सगळं बर्फ वितळवूनच मिळतं म्हणून माणशी दिवसाला २०० मिली तरी इंधन धरा. भांड्यात आधी थोडं पाणी असू द्या, नुसता बर्फ टाकला तर तळ करपतो आणि चहाला जळका वास येतो. हे इंधन उणे वीसला पण पातळच असतं, हातावर सांडलं तर क्षणात फ्रॉस्टबाइट, म्हणजे कातडी गोठते, भरताना ग्लोव्ह काढू नका. तंबूचं दार लावून स्वयंपाक अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. पाण्याची बाटली रुंद तोंडाची, आणि ती उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो म्हणजे बूच मोकळं राहतं.

खाण्याचं: शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, बिबडे (ज्वारीचे पापड), डाळ-तांदळाचा घरी भाजलेला रवा हे सगळं भारी चाललं, बिबडे तर दुसऱ्या तंबूतल्या लोकांनी मागून खाल्ले. तूप नेऊ नका, बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, लोणी तिथेच घ्या आणि प्रत्येक गोष्टीत घाला.

सामानाची चाचणी कुठे घ्यायची हा प्रश्न सगळ्यांना पडतो, हिमालयात जायला वेळ नसेल तर ओळखीत कोणाची आईस्क्रीमची कोल्ड रूम बघा. उणे अठराच्या आसपास असते. आम्ही आत अर्धा-अर्धा तास बसलो, बाहेर एक माणूस उभा करून, आणि मिटन घालून गाठ मारणे, चेन ओढणे, तंबूचे पोल जोडणे, मोबाइल खिशातून काढणे असं सगळं करून बघितलं. ज्याला जे जमलं नाही त्याला दोरी लावली. वारा मात्र तिथे नसतो, आणि उणे वीसला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे ३३ लागतं. गालावर पांढरा मेणासारखा ठिपका दिसला तर बर्फ चोळायचा नाही, उघडा तळहात लावून धरायचा. दर अर्ध्या तासाने एकमेकांची तोंडं बघायची, स्वतःचं स्वतःला कळत नाही.

पुल्क आणि स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या, आम्ही भाड्याने घेतले, स्की येत नसेल तर स्नोशूच बरे. काळा चष्मा विसरू नका, मार्चचं ऊन बर्फावरून दुप्पट लागतं. इन्शुरन्स शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा लागतो, पण त्यात हिवाळी ट्रेकिंग आणि रेस्क्यू धरलंय का हे पॉलिसी वाचून बघा, एजंट हो म्हणतो त्यावर जाऊ नका, आणि धरलं असेल तर ते पान प्रिंट काढून वरच्या खिशात ठेवा, मोबाइल तिकडे कधी बंद पडेल सांगता येत नाही.