भिजलेलं घोंगडं: पन्हाळा ते पावनखिंड, मावळी वेशात

सुरुवातीलाच कबूल करतो. निघालो तेव्हा मला घोंगडी पांघरता येत नव्हती. येते असं वाटत होतं, एवढंच. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत पन्नासेक किलोमीटर दोन दिवसांत भर जुलैत चालायचे, आणि अंगावर सतराव्या शतकातल्या साध्या शिपायाला शोभेल असा पोशाख ठेवायचा, असं आम्ही पाच जणांनी ठरवलं होतं. वाटेची माहिती देणारे वृत्तांत भरपूर आहेत. त्यामुळे मी मुख्यतः पांघरुणाबद्दल लिहितो. पुढच्या पावसाळ्यात कुणी असं काही करणार असेल, तर निदान आमच्या चुका तरी टळतील.

पोशाखाचं बाकीचं सोपं होतं. जाड सुती बाराबंदी, गुडघ्याखाली संपणारा चोळणा, कमरेला साधं उपरणं आणि डोक्याला मुंडासं. प्रश्न होता पावसाचा. प्लास्टिकचा रेनकोट घालायचा असेल तर मग एवढा खटाटोप कशाला? एकाने नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून मखमली झगा आणला होता, केशरी काठाचा. तो मसाई पठार येण्याआधीच पिशवीत गेला आणि दोन्ही दिवस पिशवीतच सडला. बाकी चौघांकडे घोंगड्या होत्या. मेंढपाळ आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच पांघरून पावसात उभे राहिले आहेत, म्हणून आमची निवड बरोबर होती. खरेदीत मात्र गंमत झाली.

माझी घोंगडी सनगराच्या, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या कारागिराच्या, खड्ड्याच्या मागावर विणलेली, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, साडेचार फूट रुंद आणि नऊ फूट लांब. कोरडी असताना अडीच किलो. एका मित्राने तिच्याच रंगाची, पण निम्म्या किमतीची घोंगडी शहरातून घेतली. ती यंत्रावरची होती आणि तिच्यात ॲक्रिलिक मिसळलेलं होतं. पहिल्या तासाभरात तिचा काळा रंग त्याच्या पांढऱ्या बाराबंदीवर उतरला आणि पाणी सरळ आत आलं. मेंढीच्याच रंगाची काळी लोकर असेल तर रंग जायचा प्रश्न येत नाही. घेताना कडेचे दोन धागे ओढून काडीने जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख चिमटीत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

नवी घोंगडी ताठ असते, कारण विणताना उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावलेली असते. तशीच पावसात नेली तर ती खळ सुटून अंगाला चिकट लागते. निघण्याआधी पंधरा दिवस गार पाण्यात एकदा बुडवून, हलक्या हाताने दाबून, सावलीत वाळवा. गरम पाण्यात अजिबात घालू नका, लोकर आटते. साबणाची पूडही नको. लोकरीत मेंढीचा जो तेलकटपणा असतो, तोच पाणी अडवतो. तो धुऊन टाकला तर उरतं नुसतं जड कापड. फारच मळली तर रिठा वापरा.

आता मुख्य गोष्ट. पन्हाळ्यावरून राजदिंडीच्या वाटेने उतरताना मी घोंगडी घेतली होती ती चित्रात पाहतो तशी: पाठीवर सोडलेली, दोन टोकं गळ्याशी आणून पितळी बक्कल लावलेलं. दिसायला झकास. फोटोही आम्ही तिथेच काढून घेतले. म्हाळुंग्यापासून चढून मसाई पठारावर आलो आणि वाऱ्याने तिचं शीड केलं. मसाईचं पठार म्हणजे जांभ्याचा मोकळा सडा. आडोसा नाही, आणि धुकं असं की पुढचा माणूस दहा पावलांवर नाहीसा व्हावा. घोंगडी मागे फडफडायची, पोट आणि छाती भिजायची, आणि पाणी प्यालेलं सगळं वजन त्या एका बकलावर, म्हणजे माझ्या घशावर. मसाई देवीच्या देवळाशी पोचेपर्यंत गळ्यावर लाल वळ उठला होता.

पठार उतरल्यावर कुंभारवाडीच्या अलीकडे एक आबा मेंढरं घेऊन बांधाला उभे होते. त्यांच्या अंगावर जुनी, काठाला विरलेली घोंगडी. आमच्याकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

"काय रं पोरांनो, नाटक हाय का कुठं?"

"नाही आबा, पावनखिंडीला चाललोय. चालत."

"मग ह्ये गळ्याला फास लावून कशाला चाललायसा? घोंगडं घेतलंय खरं, पांघराय कोण शिकवायचं?"

त्यांनी माझं बक्कल काढून माझ्याच हातात दिलं, घोंगडी झटकली आणि पाच-सहा हालचालींत खोळ करून माझ्या डोक्यावर चढवली. मी दोनदा पुन्हा करून दाखवायला लावलं. एकदा कळलं की सोपं आहे.

घोंगडी लांबीत मधोमध दुमडायची. माझ्या मापाला साडेचार फुटांचा दुपदरी चौरस होतो. दुमडलेली बाजू उभी धरायची, ती पाठीच्या कण्यावर येते. आता वरच्या दोन कडा एकमेकींवर आहेत. त्या घडीकडून सुमारे दीड वीत एकत्र धरायच्या. तेवढाच भाग डोक्यावर टोपीसारखा बसतो. बाकीच्या कडा मोकळ्या सुटून खांद्यांवरून पुढे येतात. डोक्यामागे कोपऱ्याची चोच उभी राहते, ती आत दाबली की वारा धरत नाही. समोर उजवा पदर डाव्यावर घ्यायचा आणि आतून एका हाताने धरायचा. वजन डोक्यावर, खांद्यांवर आणि पाठीवर वाटलं जातं आणि गळा मोकळा राहतो. पाऊस घडीवरून घसरून मागे पडतो.

आबा ती दीड वीत नुसती दुमडून, काठ आत खोचून धरतात. आयुष्यभराची सवय आहे. आपल्याला ते जमत नाही, वाऱ्यात सुटतं. मी मुक्कामी दाभणाने लोकरीच्याच धाग्याचे सहा-सात मोठे टाके घातले. कापायचं मात्र काहीही नाही. पुढे-मागे टाके उसवले की घोंगडी पुन्हा सरळ नऊ फुटांची, रात्री अंथरायला मोकळी. ज्यांना गोल कापून, शिवून, काजं-बटणं लावून झगा करायचा आहे त्यांनी तो खुशाल करावा, पण हातमागाची घोंगडी कापली की कापलेल्या कडेचे धागे चालता चालता सुटत राहतात, आणि पांघरुणाचं अंथरूण करायची सोयही जाते.

मापाचा एक हिशेब सांगतो. माझी उंची पाच फूट सात इंच. साडेचार फूट रुंदीची खोळ माझ्या नडगीच्या मध्यावर येते, चढाला पायात येत नाही. आमच्यातल्या पाच फूट एक इंच उंचीच्या मैत्रिणीला तीच खोळ घोट्याशी यायची आणि करपेवाडीच्या चढावर ती दोनदा तोंडावर पडता पडता वाचली. मग तिने कमरेला काथ्याची दोरी बांधली आणि वरचं कापड थोडं ओढून दोरीवर फुगवून घेतलं. उंची कमी झाली, वर दोन्ही हातही मोकळे झाले. ओढे ओलांडताना आम्ही सगळ्यांनीच हे केलं. दोरी मात्र एका झटक्यात सुटेल अशा गाठीची हवी. वाहत्या पाण्यात भिजलेली घोंगडी अंगाला बांधलेली असणं धोक्याचं आहे. मोठा ओढा असेल तर ती काढून डोक्यावर घ्या आणि मगच पाण्यात उतरा.

पाऊस थांबला की खोळ उकडते. तेव्हा गाती मारायची. लहानपणी थंडीच्या सकाळी आजी जुन्या लुगड्याची गाती बांधून शाळेत पाठवायची, तीच पद्धत: कापड पाठीवरून काखांखालून पुढे आणायचं, टोकं छातीवर फुली मारून मानेमागे बांधायची. पण अडीच किलोच्या घोंगडीची गाती बसत नाही, गाठच एवढी मोठी होते की मान वाकते. त्यासाठी जाड सुती पासोडी वेगळी ठेवावी. घोंगडी चौपदरी घडी करून खांद्यावर टाकावी, मेंढपाळ टाकतात तशी.

पाठीवरची आधुनिक पिशवी लपवायची असेल तर खोळ तिच्यावरून घ्या. नऊ फुटांचा घेर पुरतो, कुबड दिसतं खरं, पण पिशवी कोरडी राहते आणि फोटोत नायलॉन येत नाही. तोटा असा की पाठ घामाने भिजते. आत बदलायला एक कोरडी बंडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवाच.

पुढे आंबेवाडीकडे जाताना भाताची रोपलावण चालू होती. चिखलात वाकलेल्या बायकांच्या अंगावर निळा-पांढरा प्लास्टिकचा कागद होता. मी थांबून बघत राहिलो. कागद मधोमध दुमडलेला, वरचा कोपरा डोक्यावर, घडी पाठीवर. आबांनी शिकवली तीच खोळ. कापड बदललं, घडी तीच राहिली. एका मावशींना मी तसं म्हटलं, तर त्या हसल्या. "घोंगडं वाळंपत्तूर लावण उरकतीया बाबा, कागुद झटकला की झालं." बरोबर आहे. घोंगडीचा मोठा दोष हाच. "भिजत घोंगडं" हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने ते स्वतः वाळत घातलेलं असणार. माझी पहिल्या रात्री पिळून गोठ्यातल्या दांडीवर टाकली, सकाळी जशीच्या तशी. घरी आल्यावर काट्यावर ठेवली तेव्हाही साडेचार किलोच्या वर होती.

तरीही ती ऊब देत होती, हे सांगायला हवं. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा आत घेऊनही ओली लागत नाही. सततच्या मुसळधार पावसात दोन-अडीच तासांनी खांद्यांवर ओल आत उतरते, तेव्हा आतून वाफाळलेलं वाटतं, पण हुडहुडी भरत नाही. मखमलवाला दुसऱ्या दिवशी पहाटे काकडत होता. शेवटी आम्ही दोघे एकाच खोळीत बसून चहा प्यायलो. वासाचं म्हणाल तर भिजलेल्या मेंढराचाच. तासाभरात नाकाला सवय होते. बसमधल्या शेजाऱ्याच्या नाकाला होत नाही.

पायताणाबाबत हट्ट सोडा. मी कोल्हापुरी घालून निघालो होतो. लाल चिखलात चामडं फुगून वादी सुटली आणि तुरुकवाडीच्या आधीच पिशवीतले बूट काढून घालावे लागले. धारदार हत्यारं नेऊ नका. भाल्याऐवजी बांबूची काठी घ्या. मसाईवर वीज कडाडायला लागली की लोखंडी पातं धरून उभं राहण्यात शौर्य नाही. आणि नैसर्गिक विधीला जाताना खोळ आधी काढून कुणाकडे तरी द्या. यावर अधिक लिहीत नाही.

वाट आता मोहिमांमुळे मळलेली आहे. करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी अशी गावं विचारत जावं, धुक्यात वाटा फुटतात तिथे गावकऱ्यांना विचारायला लाजू नये. १२-१३ जुलैच्या आसपास हजारो लोक चालत असतात. आम्ही मुद्दाम आठवड्यानंतर गेलो, म्हणून मुक्कामाला एका घराची पडवी मिळाली. आधी निरोप द्या, जेवणाचे पैसे न विचारता द्या. कोल्हापूरहून पन्हाळा वीसेक किलोमीटर, एसटी मिळते. परतीला खिंडीजवळच विशाळगडाचा डांबरी रस्ता आहे, तिथून मलकापूरमार्गे कोल्हापूर. संध्याकाळच्या गाडीवर विसंबू नका, वाहन ठरवून ठेवा.

पांढरपाण्यावरून खिंडीत पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. १६६० सालच्या जुलैमध्ये, पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निघाले ती रात्र पावसाचीच होती. सिद्दी जौहरच्या माणसांना चकवायला शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसले, आणि या घोडखिंडीत बाजीप्रभू बांदलांच्या माणसांना घेऊन उभे राहिले. हे सगळं शाळेपासून पाठ आहे. लोखंडी जिन्याने खाली उतरून पाण्याच्या आवाजात उभं राहिल्यावर मला मात्र वेगळंच सुचत होतं. दीड दिवस, उजेडात, मधे झोपून, पोटभर पिठलं-भाकरी खाऊन आलेला मी. भिजलेलं ओझं खांद्यावर असताना मला हातातली काठीसुद्धा नीट उचलता येत नव्हती. मी खोळ काढली, घडी करून खडकावर ठेवली आणि मगच नमस्कार केला.

घरी आल्यावर घोंगडी गच्चीत सावलीला चार दिवस होती. पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका, आणि ठेवताना घड्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कसर लागते. खोळीचे टाके मी तसेच ठेवले आहेत. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेला जायचं ठरतंय. तिथे जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची, मऊ घोंगडी मिळाली तर आईसाठी एक घेईन. मखमलवाल्यानेही पैसे माझ्याकडे देऊन ठेवले आहेत.